हरणापेक्षा वाट आधी शोधा

प्रश्न : पाच वर्षं डॅलसला आहे, एच-वन-बी व्हिसावर. ऑफिसातल्या मित्रांबरोबर दोनदा इथल्या खासगी रानात शिकारीला गेलो. आता कोलोरॅडोत सरकारी जमिनीवर, गाइड न घेता, म्यूल डिअर या मोठ्या कानांच्या हरणाची शिकार करायची आहे. व्हिसावर चालतं का? सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, डॅलस

उत्तर : आधी व्हिसाचं बोलू, कारण तिथे चूक झाली तर सगळंच मुसळ केरात. तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला बंदूक नुसती हातात घ्यायलाही केंद्रीय कायद्याची बंदी आहे. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना जवळ असेल तर ती बंदी लागत नाही. टेक्सासचा परवाना ३१ ऑगस्टला संपतो. मध्ये एक दिवसही मोकळा जाऊ देऊ नका, नेमबाजीच्या सरावाला जातानासुद्धा. आणि एकदा वकिलाला विचाराच.

कोलोरॅडोत म्यूल डिअरचे परवाने सोडतीने मिळतात. अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बंद होतो. त्याआधी शिकार-प्रशिक्षणाचं कार्ड हवं (टेक्सासचं चालतं) आणि एक पात्रता परवाना विकत घ्यावा लागतो. पुष्कळ नवखे तिथेच अडकतात. नामांकित युनिटांसाठी, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागांसाठी, लोक वर्षानुवर्षं पॉइंट (सोडतीत प्राधान्य देणारे गुण) साठवतात. तुम्ही त्या रांगेत उभे राहू नका, साधं युनिट मागा. मात्र कुणाच्या जुन्या आठवणींवर ते निवडू नका. २०२२-२३ च्या हिवाळ्यात वायव्येला क्रेग-मीकरकडे बर्फाने इतकी हरणं मेली, की परवानेच कमी करावे लागले. राज्याच्या वन्यजीव खात्याचे चालू आकडे बघा.

नकाशात पिवळी जमीन बीएलएमची (केंद्राच्या भू-व्यवस्थापन खात्याची), हिरवी फॉरेस्ट सर्व्हिसची. निळे चौकोन राज्याचे, पण ते आपोआप खुले नसतात. खात्याने शिकारीसाठी घेतलेल्या तुकड्यांवरच जाता येतं. खासगी हद्दीवर कुंपण किंवा पाटी असेलच असं नाही, तरी आत पाऊल टाकलं की गुन्हा. फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवा, रानात रेंज नसते.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. माझ्या पहिल्या वर्षी ऑक्टोबरअखेरीला मी तिन्हीसांजेला नर पाडला, गाडीपासून अडीच मैलांवर, खोल घळीत. एकटा होतो. हाडं काढूनही सत्तरेक पौंड मांस झालं. दोन खेपा रात्री केल्या, तिसरी दुसऱ्या दिवशी दुपारी. ऊन चांगलंच होतं. एक मागची तंगडी वासाला आली होती. ती टाकून द्यावी लागली. इतक्या देखण्या जनावराचा जीव घेतला आणि त्याचं मांस कुजवलं, हे मला अजून सलतं. म्हणून ‘हरणं कुठे आहेत?’ याआधी ‘इथून मांस किती वेळात बाहेर येईल?’ हे विचारा. पहिल्या वर्षी वाटेपासून मैलभराच्या आत राहा, सोबत एक माणूस न्या, आणि जमलं तर नोव्हेंबरचा हंगाम मागा. थंडीत मांस टिकतं. शिवाय माजावर आलेले नर दिवसाउजेडीही फिरतात.

मांस सोलताना लिंगाची खूण (नर की मादी हे दाखवणारा भाग) एका तुकड्याला जोडलेलीच राहू द्या, तो नियम आहे. डोकं तपासणीला द्या. सीडब्ल्यूडी हा हरणांचा मेंदू पोखरणारा रोग १९६७ मध्ये पहिल्यांदा दिसला तो कोलोरॅडोतच, फोर्ट कॉलिन्सला पाळलेल्या म्यूल डिअरमध्ये. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोग निघाला तर ते मांस खाऊ नका. निकाल येईपर्यंत फ्रीझरला हात लावायचा नाही, रश्श्याची कितीही घाई असली तरी.

डॅलसला चढ नाही आणि तिकडे तुम्ही सात-आठ हजार फुटांवर चालणार. ऑगस्टपासून सॅकमध्ये २० पौंडी तांदळाच्या दोन पिशव्या भरा आणि पार्किंगच्या इमारतीचे जिने चढा-उतरा. उतरताना गुडघे दुखले तर आत्ताच कळू द्या.