रात्री नंबरप्लेट पांढरीफट्ट दिसते, कॅमेऱ्याचा ब्राइटनेस किती ठेवावा?

निपाणीजवळच्या वजनकाट्याच्या गेटवरचा कॅमेरा दिवसा केए-२३ काय नि एमएच-०९ काय, सगळं वाचतो आणि रात्री प्लेटच्या जागी नुसता पांढरा चौकोन, असं तुम्ही लिहिलंय. ब्राइटनेसला हातच लावू नका. तो टिपून झालेलं चित्र उजळ करतो. जळून गेलेलं अक्षर त्यातून परत येत नाही.

एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी प्लेट, उजेड ज्या दिशेने आला तिकडेच परत फेकते. त्यात ऑटो एक्सपोजर, म्हणजे उजेड किती घ्यायचा ते कॅमेऱ्यानेच ठरवणं, भोवतालचा अंधार बघून शटर १/२५ सेकंदापर्यंत उघडं ठेवतं. तेवढ्यात ताशी २० किमीने येणारा ट्रक २२ सेंमी सरकतो, आणि अक्षराची रेघ असते १० मिमीची.

एक्सपोजर मॅन्युअल करा. गेटवर १/५०० पुरतं, हायवेच्या वेगाला १/१००० किंवा त्याहून जलद. गेनची, म्हणजे कमी उजेडातला सिग्नल वाढवण्याची, कमाल मर्यादा १०० पैकी ३०-४०. डब्ल्यूडीआर (उजेड-अंधार एकाच चित्रात सांभाळणारी सोय) बंद, कारण तो दोन-तीन एक्सपोजर जोडतो आणि चालत्या गाडीचं अक्षर दुहेरी होतं. नॉइज रिडक्शनही (चित्रातले दाणे पुसणारी सोय) कमी ठेवा. मग खरी गाडी उभी करून, हेडलाइट चालू ठेवून, आयआरचा (कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्याचा) जोर १०० वरून दहा-दहाने खाली आणा. अक्षराच्या कडा धारदार झाल्या की थांबा. पिवळी प्लेटही आयआरमध्ये पांढरीच दिसते, त्यामुळे ट्रक आणि कार दोन्हींवर तपासा. दिवसाचं प्रोफाइल वेगळं ठेवा आणि फोकस रात्री, ब्लॅक अँड व्हाइटमध्येच पक्का करा. दिवसाचा फोकस आयआरला सरकतो, आणि लोक त्याला एक्सपोजरचा दोष समजतात.

आता गाळप हंगामात गेटोगेटी होणारा वाद. सेटिंग बरोबर झालं की पडद्यावर काळोख दिसतो, त्यात फक्त प्लेट आणि हेडलाइट. मालक म्हणतो, ‘कॅमेरा बिघडला, ड्रायव्हरचं तोंड दिसत नाही’, आणि कोणीतरी पुन्हा ऑटो करून ठेवतो. तोंड दिसायला हवं असेल तर दुसरा कॅमेरा घ्या. एकाच कॅमेऱ्यात दोन्ही देतो म्हणणाऱ्याला रात्री अकरा वाजता, उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना दाखवायला सांगा.

पावसाळ्यात आयआरच्या उबेला किडे येतात, मागोमाग लेन्सवर कोळ्याचं जाळं, आणि सगळं चित्र धुरकट होतं. आयआर दिवा वेगळा, लेन्सपासून फूटभर बाजूला लावा. त्याहून लांब नको, नाहीतर प्लेटवरून परतणारा उजेड लेन्सकडे येतच नाही. कॅमेऱ्याचा प्लेटकडे बघण्याचा कोन ३० अंशांच्या आत हवा.

एक राहिलं. चिखलाने लिंपलेली ट्रॅक्टरची प्लेट, नंबरच नसलेली ट्रॉली आणि हौसेने मराठी आकड्यांत रंगवलेली प्लेट यांना कुठलंच शटर कामाचं नाही. तिथे काट्यावरच्या माणसाने हाताने नोंद करायची.