बदलापूर सुटलं की धडधड होते, माथेरानला जाऊ का?

"घरच्यांनी माथेरान ठरवलंय. लोकलमध्ये बदलापूर सुटलं की मला धडधडायला लागतं, बोटं बधिर होतात, आता आपण मरणार असंच वाटतं. वर तर गाड्यांनाही बंदी आहे, तिथे काही झालं तर? माझ्यामुळे दर वेळी सगळ्यांचा बेत फिसकटतो. मी घरीच थांबू का?"

पॅनिक अटॅक येणाऱ्यांकडून हा प्रश्न वारंवार येतो. घरी थांबू नका, पण सहल हीच पहिली परीक्षाही करू नका. मध्ये सहा-आठ आठवडे ठेवा. त्या आठवड्यांत काय करायचं, ते मीनलच्या उदाहरणावरून सांगतो. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मीनल डोंबिवलीची, वय अडतीस. घरात नवरा, सासूबाई, दोन मुलं. पहिला अटॅक गर्दीच्या लोकलमध्ये आला. ती पुढच्याच स्टेशनवर उतरली आणि पाच मिनिटांत बरं वाटलं. तिथेच गाठ बसली: उतरले म्हणून वाचले. मग लोकलने जाणं बंद झालं, नंतर लिफ्ट, नंतर बँकेतली रांग. घरच्यांनी मायेने सगळं उचलून धरलं. नवरा कुठेही स्कूटरवर सोडायचा, सासूबाई पर्समध्ये पाण्याची बाटली आणि गोळी आहे ना हे निघताना बघायच्या. वर्षभरात तिचं जग डोंबिवली पूर्वेपुरतं उरलं.

समुपदेशनाआधी तपासण्या हव्यातच. थायरॉइड वाढलेलं असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता असेल तर लक्षणं अशीच दिसतात. मीनलचा ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर सगळं ठीक होतं. एकदा नीट तपासलं की पुरे. दर महिन्याला ईसीजी काढत बसणं हा आजाराचाच भाग होऊन बसतो.

मग अटॅकचं चक्र कागदावर काढलं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेली कल्पना आजही उपचारांच्या मुळाशी आहे: शरीरातल्या साध्या बदलाचा आपण भयंकर अर्थ लावतो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने तोच बदल आणखी वाढतो. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यातून चक्कर आणि बोटांना मुंग्या. जास्त हवा आत जात असताना माणसाला वाटतं, श्वासच पुरत नाही. अटॅक काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि न उतरता बसून राहिलं तरी ओसरतो. मीनलने हे कधी पाहिलंच नव्हतं, कारण ती दर वेळी उतरून जात होती.

म्हणून आधी घरातच ती लक्षणं मुद्दाम आणली. खुर्चीत बसून एक मिनिट गरागरा फिरणं, जागच्या जागी एक मिनिट धावणं, नाक धरून सरबताच्या नळीतून एक मिनिट श्वास घेणं. नळीचा प्रकार तिला थेट गाडीत घेऊन गेला, म्हणून तोच रोज तीनदा. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपायही नको. खरोखर फुप्फुसाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो अंगाशी येतो.

दुसऱ्या आठवड्यापासून लोकल. कर्जतच्या दिशेची लोकल सकाळी गर्दीच्या उलट जाते, बसायला जागा मिळते. शून्य ते शंभर अशी भीतीची मोजपट्टी धरून पायऱ्या ठरल्या. कल्याणपर्यंत नवऱ्यासोबत ३५, कल्याणपर्यंत एकटीने ५०, अंबरनाथ ६०, बदलापूर ७०. त्यापुढे बदलापूर ते वांगणी, थेट ९०. कारण उघड आहे. तोवर स्टेशनं त्यामानाने लवकर येतात, हा टप्पा मात्र दहा-अकरा किलोमीटरचा. त्यातून जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस नेमकी इथेच पुरात अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. ती दृश्यं तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हती. असं काही होणारच नाही, असं तिला सांगितलं नाही, ते खोटं ठरलं असतं. पूर हा रेल्वेचा इशारा वाचून टाळायचा धोका आहे. मुसळधार पावसाचा इशारा असेल त्या दिवशी कुणीच निघायचं नाही. कोरड्या दिवशी धडधडणारं हृदय हा वेगळा विषय, दोन्ही एका पिशवीत भरायचे नाहीत.

प्रत्येक फेरीआधी छोट्या कार्डावर दोन ओळी लिहायच्या: काय होईल असं वाटतंय, आणि त्याची किती टक्के खात्री. परतल्यावर तिसरी ओळ: काय झालं. "बेशुद्ध पडेन, ८० टक्के" असं पाच-सहा वेळा लिहून एकदाही पडलो नाही, हे स्वतःच्या अक्षरात वाचण्याचा परिणाम कुणाच्या धीर देण्याने होत नाही.

घसरण अंबरनाथच्या पायरीवर झाली. उल्हासनगरला अटॅक आला, ती उतरली आणि रिक्षाने घरी आली. उतरताक्षणी मिळालेला सुटकेचा आनंद मेंदूला पुन्हा जुनाच धडा देतो. अशा वेळी दुसऱ्याच दिवशी एक पायरी खाली येऊन कल्याणपर्यंत जायचं, आठवडाभर थांबायचं नाही. फेरीची उजळणी करताना आणखी एक गोष्ट उघड झाली. आधीच्या फेऱ्या जमल्या त्याही कुबड्यांवर: दारापाशी उभं राहणं, पाण्याचे सारखे घोट, दर स्टेशनला नवऱ्याला फोन. श्रेय बाटलीला मिळत होतं. मग एकेक कुबडी काढली. आधी फोन, मग दार, शेवटी बाटली. चार आकड्यांत श्वास आत आणि सहा आकड्यांत बाहेर हा व्यायाम चांगला असला तरी अटॅक थांबवायला म्हणून घाईघाईने केला तर तोही कुबडीच होतो. पर्समधली अल्प्राझोलामची, म्हणजे घबराट कमी करणारी गोळी हा मात्र मानसोपचारतज्ज्ञांचा प्रांत. नियमित घेणाऱ्याने ती अचानक बंद केली तर त्रास होतो, त्यामुळे ती कधी आणि कशी कमी करायची हे त्यांनीच ठरवलं.

घरच्यांसोबतची बैठक या सगळ्यापेक्षा अवघड गेली. "अहो, तुम्ही विचारलंत की मला वाटतं काहीतरी होणारच आहे," हे मीनलने नवऱ्याला पहिल्यांदा तिथे सांगितलं. दर दहा मिनिटांनी "बरं वाटतंय ना?" विचारायचं नाही, हे ठरलं. अटॅक आलाच तर एकच वाक्य: "येऊ दे, आपण नेरळलाच उतरणार." सासूबाईंना हे निर्दयपणाचं वाटलं, आणि वाटणारच. त्यांना बाटली तपासण्याऐवजी मुलांकडे बघण्याचं काम दिलं. मुलांनाही खरं सांगितलं: आईला कधी कधी भीतीची लाट येते, थोड्या वेळाने जाते.

बेत सप्टेंबरअखेरचा, मधल्या वारी. डोंगर हिरवागार असतो आणि शनिवार-रविवारची झुंबड नसते. पावसाळ्यात नेरळहून निघणारी छोटी गाडी बंद ठेवतात. १९०७ पासूनची ही दोन फुटी रुळांची वाट एकवीसेक किलोमीटर, वळणावळणाची. ती बंद असताना नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाका, म्हणजे गाड्या जिथे थांबवतात ती जागा, आणि तिथून अमन लॉज स्टेशन ते माथेरान एवढ्यापुरतीच चालणारी छोट्या गाडीची शटल. निघायच्या आदल्या दिवशी शटलच्या वेळा बघून घ्याव्यात.

घाटात मीनलला मळमळलं आणि तिला वाटलं, अटॅक. तो नव्हता. डोळ्यांना गाडीचा आतला भाग स्थिर दिसतो आणि कानातला तोल वळणं मोजतो, त्या विसंगतीतून ही मळमळ होते. उपाय वेगळे आहेत: पुढची सीट, नजर लांबच्या रस्त्यावर, मोबाइल बंद, निघण्याआधी हलकं खाणं. रिकाम्या पोटीही नाही आणि वडापाववर वडापावही नाही. वर हवा विरळ असते ही भीतीही होती. माथेरान साधारण ८०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा नऊ-दहा टक्के कमी, निरोगी शरीराला तो जाणवत नाही. लाल मातीच्या चढावर धाप लागते ती चढामुळे. गाड्यांना बंदी असली तरी रुग्णवाहिकेला नाही, आणि गावात दवाखाना आहे. हे तिला एकदाच सांगितलं. पुन्हा पुन्हा विचारल्यावर "हे आपलं बोलून झालंय" एवढंच.

जाताना वांगणीच्या अलीकडे गाडी सिग्नलला थांबली. मोजपट्टीवर ८५. नवरा ठरलेलं वाक्य बोलला आणि खिडकीबाहेर बघत बसला. हेच त्याला सगळ्यात जड गेलं. गाडी सुटायच्या आधीच आकडा ५० वर आला होता, हे कार्डावर लिहिलेलं आहे. शार्लोट तलावाकडे जाताना पुन्हा एक लहान लाट आली, तेव्हा माकडाने मुलाच्या हातातली वेफर्सची पिशवी पळवली आणि लाटेकडे लक्षच राहिलं नाही. (प्लॅस्टिकची पिशवी हातात धरून माथेरानात फिरू नये, हे आम्ही सांगायला विसरत नाही, लोक ऐकायला विसरतात.)

परतल्यावर आठ दिवसांत पुन्हा एक फेरी हवी, नाहीतर सहल जमली ते नवऱ्यामुळे, असं मन म्हणू लागतं. मीनल पुढच्या आठवड्यात एकटी कर्जतपर्यंत जाऊन आली. लिफ्ट आणि बँकेची रांग अजून बाकी आहे, त्यांच्या पायऱ्या वेगळ्या आखल्या आहेत.

छातीत दुखून ते हातात किंवा जबड्यात उतरत असेल, खरोखर शुद्ध हरपत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी रुग्णालय गाठा. अटॅकच्या धास्तीने घराबाहेर पडणंच बंद झालं असेल आणि जवळ समुपदेशक नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, फोनला पैसे पडत नाहीत.