किती वेळात उतरलीस?

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. सिंहगडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीपासून वर गडाच्या पुणे दरवाजापर्यंत ४८ मिनिटांत, म्हणजे मागच्या रविवारपेक्षा सहा मिनिटं आधी पोचलीस. वाचून खरंच आनंद झाला. पण उतरायला किती वेळ लागला ते तू लिहिलं नाहीस. सोमवारी ऑफिसचा जिना उतरताना कठडा धरावा लागला, हे मात्र जाता जाता लिहून गेलीस. मला त्या एका वाक्याबद्दलच लिहायचंय.

सिंहगड चढताना दम लागतो, म्हणून वाटतं खरी मेहनत चढण्यातच आहे. दमाचं दुखणं सोपं. दोन मिनिटं उभं राहिलं की छाती शांत होते. उतरताना दम लागत नाही, पण मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करत असतो. प्रत्येक पावलाला तो ताणला जातो आणि त्याच वेळी अंगाचा भारही तोलतो. त्यातून त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. ती त्या दिवशी कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकते. तुझा सोमवारचा जिना तो हाच. हे दुखणं चार-पाच दिवसांत जातं, आणि सवय झाली की कमी होतं. त्याला घाबरू नकोस. गुडघ्याला सूज आली, तो अडकू लागला किंवा मध्येच लचकू लागला, तर मात्र गड बंद आणि सरळ हाडांचा डॉक्टर गाठायचा.

मला हे कळायला बेचाळिसावं वर्ष उजाडलं. श्रावणातला रविवार होता, वाट निसरडी. मित्रांच्या पुढे राहायचं म्हणून मी जवळजवळ धावतच उतरलो. पडलो नाही. पण शेवटच्या टप्प्यात थकलेल्या मांडीनं पाऊल झेललंच नाही आणि सगळा धक्का गुडघ्यात गेला. पुढे चार महिने मला मांडी घालता आली नाही. त्या वर्षी गणपतीत सगळी पंगत पाटावर आणि मी एकटा भिंतीशी खुर्चीवर. आईनं माझं ताट हातात आणून दिलं, त्याचं फार वाईट वाटलं होतं.

म्हणून सांगतो, पावलं लहान टाक. गुडघे ताठ ठेवू नकोस, किंचित वाकलेले असू देत. उतार तीव्र असेल तिथे थोडं आडवं होऊन उतर. काठी घे, तरुण वयात काठी कशाला असं मनात आणू नकोस. उतरण्याआधी बुटाची नाडी घोट्यापाशी पुन्हा आवळ, म्हणजे बोटं पुढे आदळून नखं काळी पडत नाहीत. वर पिठलं-भाकरी खाल्लीस तर लगेच निघू नकोस. ताक मात्र मीठ घालून जरूर पी, घामातून मीठही जातं. उन्हाळ्यात घरूनच एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून नेत जा. चमचा चहाचा, आणि मीठ त्याहून जास्त नको.

आता आठवड्याच्या इतर दिवसांबद्दल. तू दिवसाला नऊ तास खुर्चीत बसतेस आणि रविवारी एकदम पाचशे-सहाशे मीटर चढून उतरतेस. शरीराला हा हिशोब जमत नाही. तुझं ऑफिस पाचव्या मजल्यावर, म्हणजे साधारण १५ मीटर. दिवसातून दोनदा पायी चढ-उतार केलीस तर पाच दिवसांत १५० मीटर होतात. निम्म्या वेळी लिफ्टनं खाली येतेस असं म्हणालीस, तेवढं सोड. खरा उपयोग त्या उतरण्याचाच आहे. आणि शनिवारी रात्री दोनपर्यंत जागून पहाटे गडावर येऊ नकोस. झोप नसलेलं पाऊल दगड ओळखत नाही.

वेळ मोजणं सोड असं मी म्हणणार नाही, तुझ्या वयाला ते शोभतं. या रविवारी मी साडेपाचला पायथ्याशी आहे. चढताना तू खुशाल पुढे जा आणि गडावरच्या देवटाक्यापाशी थांब. उतरताना मात्र माझ्या मागे राहा.

तुझा,
काका