‘त्या’ दिवसांतला हरिपाठ

ताई, मी ४१ वर्षांची आहे. रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणते, दिवसभरात तेवढंच काय ते माझं सुख. पण पाळीत पुस्तकाला हात लावत नाही. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेते. गेल्या वर्षी गोळी चुकली, गौरीजेवणाच्या दिवशीच पाळी आली आणि दोन दिवसांत सासरे बाथरूममध्ये घसरले. सासूबाई म्हणाल्या, “विटाळ कालवलास.” हे खरं नाही हे कळतं, तरी छातीत धडधडतं. काय करू?

— एक वाचक

बाथरूममध्ये माणूस घसरतो तो ओल्या फरशीवरून. आधी तिथे भिंतीला धरायला दांडा बसवून घ्या. सासरे पुन्हा पडले, तर खापर पुन्हा तुमच्याच डोक्यावर फुटायचं.

आता धडधडीचं. आधी भीती जाईल, मग मोकळ्या मनानं नाम घेता येईल, असं धरून बसलात तर जन्म जाईल. ही भीती तुम्हाला कुणी पटवून दिलेली नाही. वेगळी चटई, लोणच्याच्या बरणीपासून लांब, “तिला शिवू नकोस”, असं करत करत ती अंगात मुरली. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आपण ऋषीची भाजी मिटक्या मारत खातो, पण ऋषिपंचमीचं व्रत मुळात पाळीत झालेल्या शिवाशिवीचं प्रायश्चित्त म्हणून सांगितलंय, हे किती जणींच्या ध्यानात असतं? (भाजी सोडा असं मी म्हणणार नाही, झकास लागते.) अंगात मुरलेलं वाद घालून निघत नाही.

म्हणून पुढच्या पाळीत नेहमीच्या वेळी पुस्तक हातात घ्या आणि म्हणायला लागा. धडधडलं तर धडधडू दे. नाम घ्यायला काळवेळ नाही, हे तो हरिपाठच सांगतो आणि तुम्ही रोज ते म्हणता. विटाळ देहातच जन्मतो, मग सोवळं कोण राहिलं, हा सवाल संत चोखामेळ्यांच्या पत्नी सोयराबाईंनी चौदाव्या शतकात केला. जातीपायी ज्यांना देवळाबाहेर ठेवलं, त्या घरातली ती बाई. आणि आळंदीहून पंढरपूर म्हणजे जवळपास तीन आठवड्यांची वाट. चालणाऱ्या हजारो बायकांत कितीजणींना वाटेत पाळी येत असेल! माउलींची पालखी काही त्यासाठी थांबत नाही.

गोळ्यांबद्दल मात्र कडक बोलते. मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नका. या हॉर्मोनच्या गोळ्या असतात, काहींना त्यातून रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो. रक्तदाब, मायग्रेन किंवा घरात कुणाला गुठळीचा त्रास असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. माझं विचाराल तर यंदा घेऊच नका.

सासूबाईंची भीती वेगळी आणि देवाची वेगळी, त्यांची गल्लत नको. सासूबाईंशी एका दिवसात भांडण जिंकायचं नाहीये. नैवेद्य हवं तर जाऊबाई दाखवतील, पण तुम्ही कोपरा धरू नका, पंगतीत बसा. आणि हे त्यांना श्रावणातच सांगून टाका, ऐन गौरीच्या सकाळी नको.