जुन्या गाजलेल्या राक्षसांना एकत्र आणणारा कोणता भयपट पाहून तुमचा विरस झाला?

‘फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन’, १९४३, युनिव्हर्सल स्टुडिओ. आणि विरस झाला तो सुरुवात इतकी झकास आहे म्हणून. पहिल्यापासून फुसका असता तर अर्ध्यात बंद करून झोपलो असतो.

रात्रीची वेळ, सोसाट्याचा वारा. दोन चोर टॅल्बट घराण्याच्या दफनघरात शिरतात. आधीच्या सिनेमात मेलेला लांडगामाणूस, लॅरी टॅल्बट, इथेच पुरलेला. शवपेटी उघडली तर वर वाळलेल्या डहाळ्या आणि खाली प्रेत, काल ठेवल्यासारखं ताजं. खिडकीतून पौर्णिमेचं चांदणं आत येतं. एक जण अंगठी काढायला वाकतो आणि ते मेलेले हात त्यालाच धरतात. दुसरा धूम ठोकतो. आजही हा प्रसंग मी दिवे लावूनच बघतो.

पुढची कल्पनाही चांगली आहे. लॅरीला मरायचंय, पण मरण येत नाही. म्हणून मलेवा नावाच्या जिप्सी म्हातारीबरोबर तो घोडागाडीतून डॉक्टर फ्रँकेन्स्टाइनच्या गावी जातो. जीव देण्याघेण्याचं गुपित लिहिलेली डॉक्टरची वही मिळाली तर आपली सुटका होईल, ही आशा. लॉन चेनी ज्युनियरने हा रडवेला, थकलेला माणूस मनापासून केलाय. मग जळक्या वाड्याच्या तळघरात, बर्फात गोठलेला फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस सापडतो आणि तिथून सिनेमाचं गाडं घसरतं.

राक्षस झालाय बेला लुगोसी. हात पुढे ताठ धरून, चाचपडत, आंधळी कोशिंबीर खेळणाऱ्या पोरासारखा चालतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, ड्रॅक्युला गाजवलेल्या माणसाला इतकंही जमू नये? वर्षांनंतर कारण कळलं तेव्हा वाईट वाटलं.

झालं असं. १९४२ च्या ‘द घोस्ट ऑफ फ्रँकेन्स्टाइन’च्या शेवटी राक्षसाच्या डोक्यात त्याचा साथीदार इगोर याचा मेंदू बसवतात. इगोरचं कामही लुगोसीनेच केलं होतं. रक्ताचा गट जुळत नाही आणि राक्षस आंधळा होतो. शिवाय तो इगोरच्या आवाजात बोलायला लागतो. या सिनेमाचा लेखक कर्ट सिओडमॅकने पटकथा तिथूनच पुढे नेली: राक्षस आंधळा, बोलणारा. लुगोसीने आंधळा म्हणून काम केलं, संवादही म्हटले. नंतर सिनेमा दाखवून पाहिला, तर त्या राक्षसाच्या तोंडचे हंगेरियन धाटणीचे उच्चार ऐकून लोक हसले, असं सिओडमॅकने पुढे सांगितलंय. मग प्रदर्शनाआधी राक्षसाचे सगळे संवाद कापले. त्यांच्याबरोबर आंधळेपणाचा उल्लेखही गेला. उरले ते पुढे धरलेले हात. आता गंमत बघा, गॅदरिंगमध्ये कुणी फ्रँकेन्स्टाइनची नक्कल केली की हात पुढे धरूनच करतं. ती चाल आली या कापाकापीतून.

एका ठिकाणी तर राक्षसाचे ओठ हलताना दिसतात आणि आवाज नाही. शेवटाकडे यंत्र सुरू होतं, अंगात वीज भिनते, आणि क्लोजअपमध्ये तो डोळे उघडून कावेबाज हसतो. त्याला दृष्टी परत आलीये! पण ती गेली होती हेच प्रेक्षकाला सांगितलेलं नाही, मग हा का हसतोय ते कुणाला कळणार?

आता लुगोसीचं वयही लक्षात घ्या. चित्रीकरण चालू असतानाच त्याला साठ पूर्ण झाली. अवघड प्रसंगांत राक्षसाच्या वेषात स्टंटमन आहेत आणि नीट पाहिलं तर चेहरा बदललेला सरळ ओळखू येतो. राक्षसाच्या ज्या भूमिकेसाठी १९३१ साली आधी त्याचं नाव घेतलं गेलं होतं आणि जिने बोरिस कार्लॉफला मोठं केलं, ती त्याच्या वाट्याला आली ती अशी.

ज्या मारामारीच्या नावावर तिकिटं खपवली, ती सव्वा तासाच्या सिनेमात अगदी शेवटची काही मिनिटं. दोघं जरा भिडतात न भिडतात तोच गावातला एक जण धरण उडवतो आणि पाण्याच्या लोंढ्यात सगळं वाहून जातं. कोण जिंकलं? कुणीच नाही. मी तर रिमोट हातात धरून तसाच बसलो होतो.

१९४४ चा ‘हाउस ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ त्याहून चलाख. त्यात ड्रॅक्युलाही आहे, पण त्याचा खेळ सिनेमाच्या पहिल्या भागातच आटोपतो, लांडगामाणसाशी गाठही पडत नाही. पाटीवर मिसळ, ताटात नुसता पाव.

तुम्हाला खरंच हे सगळे एकत्र बघायचे असतील तर १९४८ चा ‘ॲबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन’ बघा. विनोदी आहे, पण राक्षसांची थट्टा केलेली नाही. लुगोसी त्यात परत ड्रॅक्युला झालाय, आणि त्याचे संवाद कुणी कापलेले नाहीत.