दहा बाय बाराच्या खोलीत चार फिश टँक मावतील का? घरचे म्हणतात, त्यापेक्षा एकच मोठा घ्या

मावतील. भिंतीला उभा रॅक लावला तर सहाही मावतील. पण तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. ‘एकच मोठा घे’ हे मी आमच्या घरात लग्न झाल्यापासून ऐकत आलेय, थोरल्या दिरांकडून.

आमचं घर सांगलीत, मारुती चौकाच्या अलीकडे. खाली दोन खोल्या, वर दोन. पुढच्या खोलीत भाऊजींचा चार फुटी टँक होता, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे अडीचशे लिटर पाणी. त्यात नऊ गोल्डफिश. माझे चार टँक जिन्याजवळ रॅकवर, प्रत्येक दीड बाय एक बाय एक. दोन टँकमध्ये गप्पी आणि मोली, उरलेल्या दोनांत एकेक फायटर मासा. पाहुणे आले की भाऊजी आपला टँक दाखवायचे आणि माझ्या रॅककडे बोट करून म्हणायचे, “हे आमच्या धाकट्या सूनबाईंचं दुकान.” मी काही बोलायचे नाही, पण लागायचं.

मग ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या पायरीला पाणी लागलं तोवर धान्य, कागदपत्रं, सिलिंडर वर नेऊन झाले होते. मग मी टँककडे वळले. टँकमधलंच पाणी बादल्यांत काढलं, मासे त्यातच, स्पंज फिल्टरही त्याच पाण्यात, कारण पाणी साफ ठेवणारे जिवाणू त्या स्पंजात असतात. रिकामे टँक मी आणि माझ्या मुलीने एकेक करून वर नेले. ती तेव्हा अकरावीत होती. पाऊण तासात चारही टँक वर.

चार फुटी टँक रिकामा करायलाच तेवढा वेळ गेला असता, आणि रिकामा झाला तरी त्या जिन्यातून वळला नसता. भाऊजींनी जाळीने नऊ मासे पकडले आणि कपडे भिजवायच्या एका टबात सोडले. मी म्हटलं, तीन बादल्यांत वाटून ठेवू या. “एकत्र राहायची सवय आहे त्यांना,” म्हणाले. वीज तोडलेली, एअर पंप बंद. पहाटे बघितलं तर सगळे वर येऊन तोंडं उघडत होते. मी तांब्याने टबातलं पाणी उंचावरून पुन्हा टबात ओतत बसले, तेवढीच हवा मिसळते. पण माणूस किती वेळ ओतणार? तिसऱ्या दिवशी दोन उरले.

माझ्या टँकनाही पाच दिवस हवा नव्हती. पाणी बदलायचा प्रश्नच नव्हता, पिंपात होतं ते माणसांना प्यायला. खाणं मी पूर्ण बंद केलं. पूर्ण वाढलेला, धडधाकट मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो. खाणं घातलं नाही की घाण कमी होते, आणि पाण्यातला विषारी अमोनियाही कमी वाढतो. फायटर वर येऊन थेट हवा घेतो, त्याचं काही अडलं नाही. चार मोली गेल्या, बाकी सगळे वाचले. भाऊजी अजूनही म्हणतात, पुराने मासे गेले, त्यात टँकचा काय दोष? मी म्हणते, टबातल्या गर्दीने गेले, आणि ती गर्दी झाली कारण उचलून नेता येईल असं तुमच्याकडे काहीच नव्हतं. २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं तेव्हा पहिली बादली त्यांनीच उचलली. त्याबद्दल मात्र आमच्यात कधी बोलणं झालं नाही.

आता तुमचा रॅक. फॅब्रिकेशनवाल्याकडून साडेतीन फूट रुंद बनवून घ्या, वरच्या दोन कप्प्यांत दोन-दोन टँक. माझ्या मापाचा एक टँक पाणी, काच, खडी धरून पन्नास किलोच्या आसपास जातो, म्हणजे चारांचे दोनशे. फळीवर थर्माकोल हवाच, नाहीतर फळीच्या उंचसखलपणाने तळाची काच तडकते. टँकच्या वर दहा इंच तरी मोकळे सोडा. लोक हे विसरतात आणि मग हात, जाळी काहीच आत जात नाही. सगळ्यात खालच्या कप्प्यात टँक ठेवू नका. नळीने पाणी काढायला बादली टँकच्या खाली लागते, आणि जमिनीच्या खाली बादली कुठे ठेवणार? तिथे पिंप ठेवा, नळाचं पाणी त्यात दिवसभर उघडं राहू दे. चारही टँकना एकच एअर पंप पुरतो, पण तो सगळ्यात वरच्या टँकच्या पाण्यापेक्षा उंच टांगा, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात येतं.

भाऊजींचं एक म्हणणं मात्र खरं आहे. थोडं पाणी लवकर बिघडतं. एक मासा मरून दिवसभर पडला तर लहान टँक हातचा जातो, मोठा सांभाळून घेतो. आणि गोल्डफिश या मापात ठेवूच नका. चारही टँक एका दिवशी भरू नका. एक लावा, चार-सहा आठवडे थोड्याच माशांवर चालू द्या, मग त्यातला वापरलेला स्पंज पुढच्या टँकला द्या. जाळी मात्र प्रत्येकाची वेगळी. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग माझ्याकडे एका जाळीतून दोन टँकमध्ये गेला होता.

खोली जुन्या वाड्यात, लाकडी तक्तपोशीवर असेल तर हे सगळं सोडा आणि तळमजल्यावर जागा बघा.