गच्चीवरचे टोमॅटो एकदम पिकलेत, फ्रीजरमध्ये कसे टिकवू?

चार-पाच किलो एकदम उतरले असतील तर अख्खेच गोठवा, सगळ्यात कमी खटपट. धुऊन अगदी कोरडे पुसा, देठाकडचा कठीण भाग काढा आणि ताटात सुटे सुटे मांडून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी दगड झाले की पिशवीत भरून हवा दाबून काढा. ताटाची पायरी गाळलीत तर सगळ्यांचा मिळून एक गोळा होतो, आणि आमटीला दोन हवे असताना बत्त्याने फोडत बसावं लागतं. मी बसलेय.

वापरताना गोठलेला टोमॅटो अर्धा मिनिट नळाखाली धरा, साल बोटाने सुटून येते. आधी उकळत्या पाण्यात घालायची गरजच नाही. कोशिंबिरीचं मात्र नाव काढू नका. आतलं पाणी गोठताना फुगतं, गर फाटतो, वितळल्यावर नुसता लगदा. सार, रस्सा, पावभाजीला उत्तम.

जागा कमी असेल तर शिजवून, आटवून बर्फाच्या ट्रेमध्ये लावा. उणे १८ अंशाला ८-१० महिने चव राहते. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा सहसा तेवढा थंड नसतो, त्यातले महिना-दीड महिन्यात संपवा. वीज जाऊन पूर्ण वितळले तर पुन्हा गोठवू नका, त्याच दिवशी चटणी करून टाका.